अर्धवट पुसलेली राळ

सोल्डरिंग (सोल्डर हा सहज वितळणारा मिश्रधातू वापरून तारा जोडणे) संपले, त्यासाठीची तापती इस्तरी स्टँडवर गेली आणि दिवा लागला, की काम झाले असे बहुतेकांना वाटते. माझ्या लेखी त्यानंतर एक काम उरलेले असते. प्रत्येक सांध्याभोवती पिवळसर-तपकिरी, चकचकीत थर जमलेला असतो, तो फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर धातूला नीट धरावे म्हणून वापरतात त्या द्रव्याचा. तो काढावा की राहू द्यावा, यावर ठामपणे बोलणारे पुष्कळ भेटतात. माझे म्हणणे त्या दोन्ही पक्षांपेक्षा थोडे वेगळे आहे: काढायचा असेल तर पूर्ण काढावा, नाहीतर त्याला हातच लावू नये.

सोल्डरच्या तारेच्या पोटात जो फ्लक्स असतो, तो पारंपरिक प्रकारात मुख्यतः राळेचा. हिमाचल आणि उत्तराखंडात चिडाच्या (पाइन वृक्षाच्या) खोडातून चीक काढतात. त्यातले टर्पेंटाइन ऊर्ध्वपातनाने वेगळे केले की मागे राहते ती राळ. तांब्यावर हवेमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि त्याच्यावर वितळलेले सोल्डर पसरत नाही, गोळी होऊन बाजूला सरकते. राळेत ॲबिएटिक वर्गाची आम्ले असतात; ती वितळली, की हा पापुद्रा खातात. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात कथलाबरोबर नवसागर फिरवतो तो याच कामासाठी. फरक असा, की नवसागराचा बराचसा भाग पांढऱ्या धुरावाटे उडून जातो आणि उरलेला भांडे धुताना निघतो, तर राळ जिथे वितळली तिथेच थिजून बसते. (नळजोडणीसाठी जस्ताच्या क्लोराइडची पेस्ट मिळते, ती मात्र सर्किट बोर्डाच्या आसपासही आणू नये, ती तांबे खात राहते आणि थोड्याच काळात हिरवी बुरशी आल्यासारखे दिसू लागते.)

राळेचा मोठा गुण असा, की ती आम्ल म्हणून काम करते ती मुख्यतः वितळलेली असताना. थंड होऊन घट्ट झाली की निरुपद्रवी आणि चांगली विद्युतरोधक होते, आणि राळेला जोर यावा म्हणून फ्लक्समध्ये मिसळलेली तीव्र उत्तेजक द्रव्येही आपल्या पोटात कोंडून ठेवते. जुन्या रेडिओच्या पोटात अनेक दशकांपूर्वीची राळ जशीच्या तशी दिसते आणि रेडिओ सुखाने वाजतो, तो यामुळेच. मग पुसायचे कशाला? जिथे मेगाओहमांचे, म्हणजे फार मोठ्या मूल्याचे रोध आहेत, सूक्ष्म प्रवाह मोजायचा आहे, तिथे कोकणातल्या पावसाळ्याची दमट हवा त्या थरात मुरली, तर तांब्याच्या दोन मार्गांच्या मध्ये विजेची चोरवाट तयार होते आणि मोजमाप भरकटते. ओलावा, क्षार आणि विद्युतदाब हे तिघे एकत्र आले, तर धातूचे सूक्ष्म धागे एका पट्टीकडून दुसरीकडे वाढत जाऊन शॉर्टही होऊ शकतो.

पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘आयपीए’ म्हटले की पुरते. औषधाच्या दुकानातल्या सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये उरलेले बहुतांश पाणीच असते आणि राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून ९९ टक्क्यांचे घ्यावे. खिडकी उघडी ठेवावी आणि इस्तरी आधी बंद करावी, कारण या द्रवाची वाफ ठिणगी मिळाली तर खोलीच्या तापमानालाही पेट घेते. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. त्यानंतर मात्र बहुतेकजण ब्रश भिजवून दोन-चार वेळा घासतात आणि बोर्ड वाळायला ठेवतात. वाळल्यावर बोर्डभर पांढुरका, चिकट पापुद्रा दिसतो. अल्कोहोलने राळ विरघळवली खरी, पण अल्कोहोल उडून गेले आणि राळ बोर्डावरच राहिली. आधी ती सांध्यापाशी होती, आता सगळीकडे आहे, आणि तिने कोंडून ठेवलेली द्रव्ये उघडी पडली आहेत. म्हणून द्रव ओला असतानाच धागे न सुटणारे कापड बोर्डावर दाबून वरून ब्रश फिरवावा, म्हणजे राळ कापडात उतरते. मग कापडाची जागा बदलून ताज्या अल्कोहोलने पुन्हा तेच करावे. कापडावर पिवळा डाग उमटेनासा झाला की थांबावे. उघडे रिले (विजेवर चालणारे स्विच), साधे स्विच आणि फिरणारे पोटेन्शियोमीटर (रेडिओचा आवाज कमी-जास्त करतो तसले) यांपासून हा द्रव दूर ठेवावा, नाहीतर विरघळलेली राळ नेमकी संपर्कबिंदूंवर जाऊन बसते.

कारखान्यांनी हा प्रश्न बरीच वर्षे सीएफसी-११३ या द्रावकाने सोडवला. ते पेटत नसे, झटकन वाळे आणि बोर्ड लख्ख करी. फक्त वर जाऊन ओझोनचा थर विरळ करी. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते मागे पडत गेले आणि संत्र्याच्या सालीतल्या टर्पीनपासून पाण्यात धुता येणाऱ्या फ्लक्सपर्यंत अनेक पर्याय पुढे आले. त्यांतला सर्वांत सोपा म्हणजे धुवायलाच नको असा ‘नो-क्लीन’ फ्लक्स. तो पूर्ण तापला तर अवशेष खरोखरच निरुपद्रवी राहतात. पण नाव वाचूनही ज्यांचा हात शिवशिवतो, ते त्यावर अल्कोहोलचा एक हात फिरवतात आणि न पुसलेल्यापेक्षा वाईट स्थिती करून ठेवतात. पाण्यात धुवायच्या फ्लक्सचे याच्या नेमके उलट आहे: त्याची आम्ले थंडपणीही कामाला लागलेली असतात, म्हणून तो त्याच दिवशी धुतला पाहिजे.

साधा राळेचा फ्लक्स असेल तर मी तो पुसतोच, दिव्याचे सर्किट असले तरी. कधी कधी सोल्डर तांब्याला धरलेलेच नसते. तार केवळ थिजलेल्या राळेने चिकटलेली असते आणि कशीबशी टेकल्यामुळे वीज वाहत असते. अल्कोहोल लागले की अशा सांध्याचे पितळ उघडे पडते, तार हलते आणि चालू असलेला दिवा विझतो. दुरुस्ती करणारे काहीजण नेमक्या याच कारणाने पुसायचे टाळतात, ‘चालतंय ते चालू द्या’ म्हणतात. मला तो दिवा माझ्या टेबलावर, इस्तरी अजून हाताशी असताना विझलेला परवडतो.