मिरजेचा लेडीज तंबोरा आणि माझी सुभद्रा

पुण्याहून सांगलीला जायचं तर एसटी किंवा गाडी बरी पडते, पण आत्याला आगगाडीच हवी होती. "जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार अशी स्टेशनं मोजत गेलं की माहेरी गेल्यासारखं वाटतं," हे तिचं कारण. सत्तरी ओलांडलेल्या बाईशी कोण वाद घालणार? २०२४च्या नोव्हेंबरात, रंगभूमी दिनाच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघी निघालो. डब्यात थालीपीठ, बाटलीत ताक आणि पुढचे सहा तास एकच विषय: संगीत नाटकातल्या जयमालाबाई शिलेदार की कीर्ती शिलेदार.

आमच्या घरात नाटकाची नायिका पिढीपिढीनं वाटून घेतलेली आहे. आजीची बालगंधर्वांची रुक्मिणी, आत्याच्या जयमालाबाई शिलेदार, माझी कीर्ती. आजीची नायिका पुरुष होती, याचं घरात कुणालाच काही वाटत नसे. जयमालाबाई स्वतः गंधर्व नाटक मंडळीत होत्या. पुढे जयराम शिलेदारांबरोबर १९४९मध्ये त्यांनी 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली. कीर्ती त्यांची धाकटी लेक. म्हणजे आमचं भांडण खरं तर एकाच घरातल्या दोन गळ्यांवरून होतं.

किर्लोस्करवाडीला गाडी थांबली तशी आत्या म्हणाली, "सौभद्रवाले अण्णासाहेब इथलेच ना गं?" प्रत्येक प्रवासात हे होतं. ही वाडी लक्ष्मणराव किर्लोस्करांची, नांगराच्या कारखान्याची; 'सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर वेगळे. पण दोघांचंही मूळ गाव बेळगावकडचं गुर्लहोसूर, त्यामुळे आत्याला पूर्ण चूक म्हणता येत नाही. भिलवडी गेली. याच पट्ट्यात कृष्णाकाठी नागठाणे आहे, गंधर्वांचं गाव. आत्यानं खिडकीतून त्या दिशेला हात जोडले. कुठली दिशा ते तिला पक्कं माहीत नव्हतं, पण जोडले.

सांगली मागे टाकून आम्ही मिरजेला उतरलो, कारण भाचीसाठी तंबोरा बघायचा होता. सतारमेकरांच्या गल्लीत शिरलं की आधी लाकडाचा आणि पॉलिशचा वास येतो, मग छताला टांगलेले भोपळे दिसतात. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं होतं, पण दुकानातल्या काकांच्या बोलण्यात त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "लेडीज की जेन्ट्स?"

आत्या हसायलाच लागली. लेडीज तंबोरा आकारानं लहान, वरच्या पट्टीचा. जेन्ट्स मोठ्या भोपळ्याचा. "गंधर्वांना कुठला दिला असता हो तुम्ही?" आत्यानं विचारलं. काका एक क्षण थांबले आणि म्हणाले, "पट्टी सांगा, मग सांगतो."

जव्हारी लावताना, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून सूर खुलवताना, मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. घोडीचा माथा कानशीनं अगदी किंचित घासायचा, तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, तार छेडायची, पुन्हा दोरा केसभर मागे. दहा-बारा वेळा तार नुसतीच टणटणली. मग एकदम सूर उघडला. मधमाश्या गुणगुणाव्यात तसा, एकात अनेक. आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचं नाट्यगृह आठवलं.

दहाएक वर्षांची असेन. सांगलीत 'सौभद्र' लागलं होतं आणि आत्याच मला घेऊन गेली होती. तिसऱ्या घंटेनंतर ऑर्गनचा तो पहिला भरघोस सूर, नांदी, धुपाचा वास. खरं सांगायचं तर मधल्या गद्यात मी झोपले. जाग आली ती 'वन्स मोअर'च्या आरड्यानं. समोर हिरव्या शालूतली सुभद्रा, म्हणजे कीर्ती, उभी होती आणि 'वद जाऊ कुणाला शरण' पुन्हा सुरू होत होतं. बाकीचे नट वन्स मोअर मिळाला की भूमिकेतून बाहेर येत, प्रेक्षकांकडे बघून हसत, ऑर्गनवाल्याकडे मान वळवत. ही हललीच नाही. पदराचं टोक मुठीत तसंच धरलेलं, नजर तिथंच. आणि दुसऱ्यांदा म्हटलेलं पद पहिल्यासारखं नव्हतं. पहिल्या खेपेला ती विचारत होती, दुसऱ्या खेपेला तिला कळून चुकलं होतं की विचारण्यात अर्थ नाही. त्या वयात मला हे शब्दांत सांगता आलं नसतं. पण मी झोप विसरून ताठ बसले होते, हे आत्या आजही सांगते.

पुढे पुण्यात शिकायला आल्यावर 'स्वयंवर' पाहिलं, आणि विद्याधर गोखल्यांचं 'स्वरसम्राज्ञी' तर तीनदा. तमाशातली मैना शास्त्रीय गाण्याच्या वाटेला लागते, ती गोष्ट. 'कशी केलीस माझी दैना' म्हणताना तिचा आवाज उघडा, फडावरचा, शेवटच्या रांगेच्याही मागे जाऊन आदळणारा. त्याच संध्याकाळी, त्याच गळ्यातून 'एकलीच दीपकळी मी अभागिनी'. दोन्ही गाणी चांगली म्हणणाऱ्या गायिका मिळतील. पण पहिल्यातली मैना दुसऱ्यात थोडी शिल्लक ठेवायची, शिकलेल्या सुराखाली तो जुना उघडेपणा ऐकू येईल इतपतच, हे मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. संगीत नाटकात गाणं आलं की गोष्ट थांबते, अशी तक्रार करणाऱ्यांशी मी एरवी वाद घालत नाही, बऱ्याचदा ती थांबतेच. कीर्तीताईंच्या वेळी मात्र गोष्ट गाण्यातच पुढे सरकायची आणि गद्यात परतायची तेव्हा आपण मागे राहिलेलो असायचो.

दुसऱ्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, सांगलीत भावे नाट्यमंदिरापाशी गेलो. विष्णुदास भाव्यांनी याच गावात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, १८४३मध्ये 'सीता स्वयंवर' केलं. गंमत म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्मही त्याच वर्षीचा. आत्या आवारात उभी राहून माझी ती जुनी खुर्ची शोधू लागली, म्हणजे बोटानं हवेत दाखवू लागली: "इथं तू, इथं मी, पुढं तो टोपीवाला." टोपीवाल्यावरचा राग चाळीस वर्षांनीही ताजा होता. टोपी काढा म्हटलं तर त्यानं ऐकलं नव्हतं, आणि अर्धी सुभद्रा आत्याला दिसलीच नव्हती.

"म्हणूनच तुला जयमालाबाई आवडतात," मी म्हटलं. "त्या तुला अख्ख्या दिसल्या."

जयमालाबाई २०१३मध्ये गेल्या, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. कीर्तीताई २०२२च्या जानेवारीत. तेव्हा आत्यानं मला फोन केला होता आणि बराच वेळ दोघीही काही बोललो नव्हतो. शेवटी तिनं जेवलीस का विचारलं आणि ठेवला.

परतीच्या गाडीत तंबोरा आमच्या दोघींच्या मध्ये, तिसऱ्या माणसासारखा. साताऱ्यानंतर बाहेर अंधार झाला. आत्या डोळे मिटून 'वद जाऊ' गुणगुणत होती, तिच्या जयमालाबाईंच्या चालीनं. एका जागी थांबली.

"इथं तुझी कीर्ती श्वास घ्यायची का गं?"

मी आठवून पाहिलं. मूठ आठवली, पदराचं टोक आठवलं, समोरच्या टोपीचा काळा कडासुद्धा आठवला. श्वास काही आठवेना.

"पुन्हा म्हण," मी म्हटलं.

"वन्स मोअर म्हण की मग," आत्या म्हणाली आणि पहिल्यापासून सुरू झाली.