आधी शिक्षक, मग संगणक

इंग्लंडमधल्या शाळेत शिकवते म्हटल्यावर अमळनेर-पारोळ्याकडचे शिक्षक हमखास विचारतात, "तिकडे प्रत्येक पोराला लॅपटॉप असेल ना?" मला मात्र इथं शिकण्यासारखं जे वाटतं, ते शिक्षकांच्या प्रशिक्षणात आहे.

इथंही पूर्वी शाळेतला संगणक म्हणजे वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञान अकादमीच्या अहवालानं त्यावर कडक टीका केली आणि सप्टेंबर २०१४ पासून नवा अभ्यासक्रम लागू झाला: पाचव्या वर्षापासून अल्गोरिदम (काम करायच्या क्रमवार पायऱ्या) आणि सोपे प्रोग्राम, माध्यमिकला पुढचं प्रोग्रामिंग. शिकवायचं कोणी? ज्यांनी आयुष्यात प्रोग्राम लिहिला नव्हता, अशा कितीतरी शिक्षकांनी. प्रशिक्षणासाठी ८.४ कोटी पौंड जाहीर झाले ते २०१७ च्या अर्थसंकल्पात. एवढा उशीर व्हायला नको होता. मधल्या वर्षांतल्या मुलांचं नुकसान झालं, असं माझं ठाम मत आहे.

प्रशिक्षणात मला सगळ्यात भावली ती संगणक-शिक्षणाच्या संशोधक स्यू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची प्रिम पद्धत. कोरी स्क्रीन देऊन 'लिहा' म्हणायचं नाही. तयार प्रोग्राम द्यायचा. तो काय करेल याचा आधी अंदाज, मग चालवून पाहणं, ओळ न् ओळ तपासणं, थोडा बदल, आणि शेवटी स्वतःचा प्रोग्राम. एका सत्रात गणिताच्या एक अनुभवी बाई 'एक्स = एक्स + १' या ओळीवर अडल्या. "असं समीकरण असूच शकत नाही!" गणितात नसतंच. प्रोग्राममध्ये मात्र आधी उजवी बाजू काढायची आणि आलेलं उत्तर डावीकडच्या नावात ठेवायचं. एक्स ५ असेल तर तो आता ६ झाला. बाईंना हे पटायला वेळ लागला, आणि वर्गात मुलं नेमकी कुठे अडतील तेही त्यांना त्याच वेळी कळलं. नुसतं पुस्तक वाचून हे कळत नाही.

माझी वहिनी अमळनेर तालुक्यात विज्ञान शिकवते, आणि संगणकाचा तासही तिच्याच गळ्यात पडलाय. संगणक मोजके, त्यात वीज जाते. तिला मी न्यूझीलंडच्या टिम बेल यांच्या 'अनप्लग्ड' (संगणकाविना संगणकशास्त्र) उपक्रमातला एक खेळ सांगितला. तिनं पटांगणावर फक्कीनं रेषा आणि गोल आखले. सहा मुलं, प्रत्येकाच्या हातात एक आकडा, रेषांवरून पुढे चालायचं. गोलात दोघं भेटले की लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे. रेषा संपल्या तेव्हा सहाही जण चढत्या क्रमानं उभे! व्हिडिओत एक पोरगी ओरडली, "हाई तं सोपं शे!" एका वेळी अनेक तुलना होतात म्हणून काम लवकर उरकतं, हे संगणक चालू न करता समजलं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंग आहे. खान्देशातल्या शिक्षकांना ते जमणार, यात मला शंका नाही. पण निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून त्यांना शिकायला हक्काचे तास मिळायला हवेत, तेही सुट्टीतले नव्हे, शाळेच्या वेळेतले. तोवर वहिनी आणि तिच्या शेजारच्या शाळेतल्या दोघी रविवारी माझ्याशी बोलतात. पुढचा विषय बायनरी सर्च, म्हणजे दर वेळी मधलं नाव पाहून अर्धी यादी बाद करत शोधणं. हजेरीपटात अकारविल्हे लावलेली नावं घेऊन करणार आहोत. कुणाला यायचं असेल तर जरूर कळवा.