कोंबडीचा सुजलेला डोळा आणि बारा आकडी टॅग

परसातल्या कोंबडीचा चेहरा सुजला की इंदूरमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो तो केस पेपर काढण्यात. डोळा धुणं, वेगळं ठेवणं, औषध पाजणं ही घरची कामं, ती होतात. पण नमुना घेणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोहोचताना जो वैताग आला तो अजून उतरलेला नाही, म्हणून आधी त्याचंच लिहितो.

खाजगी दवाखाने कुत्र्या-मांजरांचे. ‘मुर्गी नहीं देखते’ हे फोनवरच कळतं, तेवढी तरी सोय. मग उरतं सरकारी पशुरुग्णालय. कुठलं ते सांगत नाही. तिथे काउंटरवर संगणक आणि संगणकात टॅग क्रमांकाचा रकाना. गायी-म्हशींच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात, ते. ‘टैग नंबर बताओ भिया, उसके बिना आगे नहीं बढ़ेगा.’ मुर्गी आहे म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलाने शांतपणे पुढचा रकाना वाचला: दूध किती देते? त्याच्या खाली: गाभण आहे का? कोंबडीला कान असतो, कानाची पाळीही असते, पण तिला बिल्ला लावायची योजना अजून निघालेली नाही. ‘अन्य’ असा पर्याय होता. तो निवडला तरी टॅगचा रकाना लाल होऊन पुन्हा समोर. साहेबांना विचारा, तर साहेब फील्डवर. उद्या या, तर उद्या सर्व्हर बंद.

हा उशीर नुसत्या मनस्तापाचा नसतो. कल्चरचा, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवून बघण्याचा, नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यावा लागतो. पाण्यात एकदा टेट्रासायक्लिनची पूड पडली की प्लेटवर बहुधा काही उगवत नाही आणि रिपोर्ट कोरा येतो. म्हणजे काउंटर जितकं लांबवणार तितके दिवस तुम्ही औषध हातात धरून बसायचं, आणि कोंबडी एका डोळ्याने दाणे चुकवत राहणार.

एकाने तोडगा सुचवला: मेली की आणा, पोस्टमॉर्टेम करू. कळपात मर होत असेल तर हा सल्ला अगदी योग्य आहे. ताज्या मेलेल्या पक्ष्याइतकं काहीच सांगत नाही. पिसं साबणाच्या पाण्याने भिजवायची, दोन पिशव्यांत बांधायचं, बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांच्या आत पोचवायचं. फ्रीझरमध्ये मात्र नाही. गोठलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धड काही दिसत नाही. इंदूरकरांना महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, त्याचा विचार करावा. पण जिला वाचवायचं तिच्या मरणाची वाट बघा, हे ऐकून डोकं फिरतं.

गाठ सुटली ती साध्या कागदाने. ज्या डॉक्टरबाई अखेर भेटल्या त्यांनी संगणकाकडे पाहिलंसुद्धा नाही. कोऱ्या कागदावर माहिती लिहून मागितली, खाली सही-शिक्का मारला, आणि तेच पत्र नमुन्याबरोबर प्रयोगशाळेत चाललं. टॅग कुणी विचारलाच नाही! तेव्हा काउंटरशी हुज्जत घालू नका, सकाळच्या ओपीडीच्या वेळी थेट डॉक्टरांच्या खोलीत जा आणि कागद घरूनच लिहून न्या. त्यात हवं ते हे: एकूण पक्षी किती, वय, जात, आजारी किती, मेले किती, पहिलं लक्षण कोणत्या तारखेला, सूज एका बाजूला की दोन्ही, डोळ्यात फेस, शिंका, घरघर, वास आहे का, अंडी किती कमी झाली, खाद्य काय, राणीखेत आणि देवीची लस दिली का, गेल्या महिन्यात नवा पक्षी आणला का, कोणतं औषध आधीच देऊन झालं. शेवटचं लपवू नका.

स्वॅबबद्दल, म्हणजे नमुना घ्यायच्या काडीबद्दल, दोन गोष्टी. काडी प्लॅस्टिकची असावी. लाकडी काडीमुळे पीसीआर (जंतूची जनुकीय तपासणी) बिघडू शकतो. आणि डोळ्यातल्या पाण्यापेक्षा टाळूच्या फटीतला नमुना चांगला: चोच उघडली की वरच्या बाजूला जी लांबट चीर दिसते, तिथे काडी फिरवायची. कल्चरसाठी ट्रान्सपोर्ट मीडियम (जंतू वाटेत जिवंत ठेवणारं माध्यम) लागतं, पीसीआरला कोरडा स्वॅबही चालतो. दोन्ही थंड ठेवून न्यायचे.

कर्मचारी कोंबडीला हात लावायला बिचकतात त्याला कारण आहे, ते मान्य करायला हवं. २०२०-२१ च्या हिवाळ्यात इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात मेलेल्या कावळ्यांत एच५एन८ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. डोकं सुजून अचानक पटापट पक्षी मरत असतील, तुरा काळा-निळा पडत असेल, तर एकही पक्षी घेऊन कुठे निघू नका, घरी कापू नका; फोनवर कळवा. अशा रोगाची खबर देणं २००९ च्या पशुरोग कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, आणि नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत सरकारच पाठवतं.

इथे कडकनाथवाल्यांची पंचाईत होते. या जातीचं मूळ झाबुआ जवळ, त्यामुळे आपल्याकडे परसात कडकनाथ बरेच. त्यांचा तुरा, चेहरा मुळातच काळा. लाली, निळसरपणा यातलं काही दिसत नाही. तिथे बोट हेच साधन. दोन्ही अंगठ्यांनी डोळ्यांखालचा भाग एकाच वेळी दाबून बघायचा, एका बाजूला मऊ फुगवटा किंवा टणक गाठ लागली की सूज आहे. नाकपुड्यांवर चिकटलेला भुसा हीही खूण. नाक वाहत असल्याशिवाय तो चिकटत नाही.

‘सर्दी झाली’ म्हणून सगळ्यांना एकच पूड देण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखे बुडबुडे, शिंका, डोळ्याखाली हळूहळू वाढणारी सूज असेल तर बहुधा मायकोप्लाझ्मा हा जंतू, ज्याच्या जुनाट श्वसनरोगाला सगळे सीआरडी म्हणतात. एक-दोन दिवसांत अनेक पक्ष्यांचे चेहरे सुजले आणि नाकाला कुजका वास असेल तर कोरायझा, ही जंतूंमुळे होणारी साथीची सर्दी. पावसाळ्यानंतर डासांच्या दिवसांत पापण्यांवर, तुऱ्यावर खपल्या आल्या तर देवी. तिला अँटिबायोटिक लागू पडत नाही, खपल्या ओढू नयेत. फक्त गव्हावर-तांदळावर वाढवलेल्या पक्ष्यांत पापणीखाली पांढरा चिकट थर आणि घशात पांढऱ्या पुटकुळ्या दिसल्या तर जीवनसत्त्व अ कमी आहे. पालक, मेथी, गाजर, पिवळा मका सुरू करा. बुबुळ राखाडी पडून बाहुलीची कड वेडीवाकडी झाली असेल तर मॅरेक्स हा विषाणूचा रोग, त्याला उपचार नाही. आणि सगळ्याच कोंबड्या डोळे मिटून बसल्या असतील तर खुराड्यात गुडघ्यावर बसून, कोंबडीच्या उंचीवर वास घ्या. अमोनिया तिथे असतो, आपल्या नाकाच्या उंचीवर नाही. २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५) वर गेला की डोळा जळू लागतो. खाली अंथरलेला ओला तूस काढून टाका. त्यावर चुना भुरभुरवला तर तुसातला अमोनिया उलट जोरात बाहेर पडतो. चुना टाकायचाच असेल तर पक्षी बाहेर काढून.

डोळा धुण्यासाठी मेडिकलमधली ०.९ टक्के सलाइनची बाटली घ्या आणि कोमट पाण्यात ठेवून गरम करा. कोंबडी टॉवेलमध्ये गुंडाळा, पंख आत, पण छातीवर दाब नको. कोंबडीचा श्वास छातीचं हाड हलण्यावर चालतो, घट्ट आवळली तर गुदमरते. ओल्या गॉझने आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसायचं. कापसाचे तंतू डोळ्यात राहतात. पापण्या चिकटल्या असतील तर ओला गॉझ काही मिनिटं ठेवा, ओढून उघडू नका. डोळ्याखालची गाठ सुईने टोचायची हौस मात्र आवरा. पक्ष्यांचा पू पातळ होत नाही, पनीरसारखा घट्ट बनतो. सुईतून काही येत नाही, रक्त तेवढं येतं. ती गाठ डॉक्टरच चीर देऊन काढतात. मलमाच्या डबीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल तर ते नको, बुबुळावर जखम असेल तर स्टेरॉइडने ती खोल जाते. अंडी खायची असतील तर क्लोरॅम्फेनिकॉलही नाही.

पाण्यातल्या औषधाचा हिशोब लोक विसरतात. मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, मे महिन्यात त्याहून बरंच जास्त, आणि आजारी असली तर जेमतेम. म्हणजे जिला औषध हवं तिलाच ते कमी मिळतं. टायलोसिन हे अँटिबायोटिक लिटरला अर्धा ग्रॅम असं पाण्यात दिलं तरी सुजलेल्या कोंबडीला डॉक्टरांनी वजनावर काढून दिलेली मात्रा सिरिंजने चोचीच्या कडेने द्यावी, थेंब थेंब, नाहीतर ते श्वासनलिकेत जातं. टेट्रासायक्लिन गटातलं औषध असेल तर तेवढे दिवस शिंपल्याचा चुरा बाजूला ठेवा, कॅल्शियम ते बांधून टाकतं. पाणी रोज ताजं, भांडं प्लॅस्टिकचं, सावलीत. दिसत नाही म्हणून ती खात नाही, तेव्हा खोल वाटीत ओलं खाद्य चोचीसमोर धरा आणि वाटीवर बोटाने टकटक करा, आवाजावर टोचते.

आजारी पक्ष्यांना दाणा-पाणी सगळ्यांच्या शेवटी द्यायचं, आणि त्यानंतर चपला, हात धुवायचे. नवा पक्षी आणला तर ३ ते ४ आठवडे वेगळा. औषध चालू असतानाची आणि लेबलवर लिहिलेल्या मुदतीतली अंडी टाकून द्यावीत. मुदत लिहिलेलीच नसेल तर डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला नको. मायकोप्लाझ्मा निघाला तर सूज उतरल्यावरही कोंबडी रोग बाळगून राहते आणि तो अंड्यातून पिल्लात उतरतो, म्हणून तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका.