पूर्ण घडी होणाऱ्या बाई

१४ वर्षं योग शिकवतेय, पण परवाची केस डोक्यातून जातच नाहीये.

नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, योगाच्या कुठल्या पद्धतीने शिकायचं, "अष्टांग चांगलं का अय्यंगार?" आणि मग जे जमतं तेच निवडतात. कडक अंगाची माणसं स्ट्रेचिंगला घाबरून जोर लावायचे प्रकार घेतात आणि लवचिक अंगाची हमखास ताणाच्या क्लासला जातात.

परवाच्या बाई चाळिशीच्या. दोन वर्षं रोज सकाळी अष्टांग विन्यास, म्हणजे पट्टाभि जोईसांच्या परंपरेतली प्रायमरी सिरीज, ठरलेल्या क्रमाने करायची पहिली आसनमाला. तक्रार एकच, बसलं की डाव्या बैठकीच्या हाडाशी खोल टोचतं. "अंग अजून मोकळं झालं नाही बहुतेक" असं स्वतःच ठरवून त्यांनी संध्याकाळी यिन योग पण लावला. तिथे एकेक आसन ३ ते ५ मिनिटं धरायचं, त्यातली बरीच पुढे वाकायची. दुखणं वाढलं तेव्हा तिथे सांगितलं, श्वास सोडा आणि अजून सैल व्हा. मला राग याचाच येतो, दोन वर्षांत एकाही शिक्षकाने नक्की कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं पश्चिमोत्तानासन करा. अक्षरशः घडी झाली, छाती मांड्यांवर, कपाळ नडगीवर, चेहऱ्यावर ताण नाही. बॅचमधल्या दोघी "वा!" म्हणाल्या. मग त्रिकोणासन, तर पुढचा गुडघा सरळ होऊन थांबायच्या ऐवजी मागे गेला, पाय धनुष्यासारखा. कोपरं उलटी वळतात, अंगठा मनगटाला टेकतो. सांधे गरजेपेक्षा जास्त वळतात का हे बघायला डॉक्टर ९ गुणांची बाइटन चाचणी वापरतात, माझ्या मोजणीत ८ आले. निदान करणं माझं काम नाही, पण हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंचा, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोरा) त्याच बैठकीच्या हाडाला चिकटतो, आणि पुढे वाकलं की तो ताणलाही जातो आणि हाडावर दाबलाही जातो. प्रायमरी सिरीज बरीचशी पुढे वाकण्याचीच. म्हणजे सकाळ-संध्याकाळ एकाच जागेला त्रास, आणि ताण जाणवतच नाही म्हणून थांबायचं कुठे ते कळत नाही.

मग आसनात आधाराला वापरतात ती वीट घेतली. लोकांना वाटतं अय्यंगार पद्धतीतल्या विटा-पट्टे ज्यांचे हात जमिनीला पोचत नाहीत त्यांच्यासाठी असतात. पण पुढच्या पोटरीमागे वीट तिरकी टेकवून ठेवली की गुडघा मागे पडायला लागताच पोटरी विटेला लागते, तिथेच थांबायचं, आणि मांडीचा स्नायू वर खेचून पाय स्वतःच्या बळावर धरायचा. बाईंचा पाय थरथरायला लागला, म्हणाल्या, "ताई, हे तर मला येतच नाही." पालथं झोपून करायच्या शलभासनात पाय दोन इंचही उचलेनात. उताणं झोपून कंबर उचलायच्या सेतुबंधासनात चौथ्या श्वासाला कंबर खाली.

मी सांगितलं की पुढे वाकणं सध्या बंद, यिन बंद, फिजिओथेरपिस्टला दाखवा, आणि ताकदीची ही आसनं रोज. विचारलं किती दिवस, म्हटलं काही महिने लागतात, हा कंडरा हळूहळूच सुधारतो. डोळे भरून आले त्यांचे. "मला जे येतं तेच तुम्ही काढून घेताय." मॅट गुंडाळली आणि गेल्या.

सांगितलं ते बरोबरच होतं, यात मला शंका नाही. पण सगळ्या बॅचसमोर सांगितलं, ते चुकलं असं वाटतंय. दोन वर्षं ज्या घडीचं कौतुक ऐकलं तिलाच मी दुखण्याचं कारण म्हटलं, "वा!" म्हणणाऱ्या त्याच बायकांसमोर. आणि खरं सांगायचं तर दहा वर्षांपूर्वी त्या माझ्याकडे आल्या असत्या तर मीच त्यांना पहिल्या रांगेत बसवून डेमो द्यायला लावला असता.

काल रात्री मेसेज केला की एकट्या या, अर्धा तास आधी. अजून उत्तर नाही. भिंतीजवळची जागा आणि दोन विटा मी ठेवल्यात बाजूला काढून.