कापिलेइराचे पाट आणि आमचा पांझरेचा फड

मे महिना, शनिवार रात्र

आज इतकं चाललेय की पोटऱ्या दगड झाल्यात, पण झोपायच्या आधी लिहूनच टाकते नाहीतर उद्या अर्धं विसरून जाईन. खिडकीखाली कुठंतरी पाणी वाहतंय. इथे आल्यापासून हा आवाज थांबलेलाच नाही, आणि तो ऐकला की मला सारखी आबांची आठवण येतेय.

ताई ग्रानादाला शिकतेय म्हणून स्पेनला यायचं ठरलं. तिथला जुना राजवाडा अल्हंब्रा बघून झाला (सुंदरच आहे, पण गर्दी फार) आणि मग ती म्हणाली चल, तुला आल्पुखारा दाखवते, तिथे तुला घरच्यासारखं वाटेल. मला वाटलं उगाच म्हणतेय. सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरच्या या दऱ्या, लान्खारोन, ओर्खिवा करत बस वळणावळणानं वर चढते, आपल्या सप्तशृंगी गडाच्या घाटासारखी, आणि पोकेइराच्या दरीत शिरली की एकावर एक तीन पांढरी गावं दिसतात, पाम्पानेइरा, बुबियोन आणि सगळ्यात वर कापिलेइरा, 1,436 मीटरवर. त्याच्या वर सरळ बर्फ.

आणि घरं बघितली तर काय, धाब्याची! अगदी आपल्या खान्देशात असतात तशी. चेस्टनटची लाकडं आडवी टाकायची, त्यावर पातळ दगडी फरशा, आणि वर 'लाउना' नावाची राखाडी माती पसरायची, ती पावसानं भिजली की घट्ट बसते आणि पाणी आत येऊ देत नाही. आबा मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकून घ्यायचे ते डोळ्यासमोर आलं. इथल्या धाब्यांवर मिरच्या आणि अंजीर वाळत घालायची पद्धत आहे, आमच्याकडे आजीच्या कुरडया असायच्या. खालच्या घराचं धाबं म्हणजे वरच्या घराचं अंगण. काही ठिकाणी तर घर गल्लीच्या डोक्यावरून पलीकडे गेलंय, खाली सावलीचा बोळ, त्याला 'तिनाओ' म्हणतात. दुकानांत 'खारापा' टांगलेले, म्हणजे चिंध्यांच्या पट्ट्या मागावर विणून केलेल्या सतरंज्या. एक घेतली, आईसाठी.

दुपारी कापिलेइराच्या वर पाटाच्या कडेनं चालत गेलो. पाटाला इथे 'असेकिया' म्हणतात, शब्द मूळ अरबीच. डोंगराच्या अंगाला चिकटून मैलोन्मैल जाणारा हातभर रुंद पाट, एवढासा उतार की डोळ्याला कळतही नाही. तिथे एक म्हातारे आजोबा खोरं घेऊन दारं धरत होते. दुसरा शब्दच नाही त्याला, पाटाच्या तोंडाला एक चपटा दगड, भोवती मातीची ढेकळं, दगड उचलला की पाणी त्यांच्या वाफ्यात, परत लावला की पुढच्याच्या. त्यांची पाळी होती म्हणे. मी तिथेच उभी राहिले. पांझरा नदीच्या काठी आमच्या फडाला, म्हणजे एका बंधाऱ्यावर भिजणाऱ्या शेतांच्या पट्ट्याला, पाणी असंच यायचं, बंधाऱ्यातून पाटात, पाटातून चारीत, आणि पाणी वाटणारा पाटकरी सांगेल तेव्हाच आपली पाळी, मग मालक कितीही मोठा असो.

ताईनं मध्ये पडून बोलणं करून दिलं. आजोबांनी वर बर्फाकडे बोट दाखवून सांगितलं की काही पाट शेताला पाणी द्यायला नसतातच. वसंतात बर्फ वितळायला लागलं की ते पाणी उंचावरच्या पाटांतून वळवायचं आणि जिथे जमीन पाणी पिते अशा जागी मुद्दाम सोडून द्यायचं. ते डोंगराच्या पोटातून हळूहळू उतरतं आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, खालच्या झऱ्यांना फुटतं, नेमकं उन्हाळ्यात. याला 'कारेओ' म्हणतात. आपण भिंतीभिंतींवर रंगवलेलं वाचत मोठे झालो, पाणी अडवा पाणी जिरवा, आणि इथे मुस्लिम राज्याच्या काळापासून माणसं बर्फाचं पाणी जिरवतायत.

ज्यांनी हे पाट खणले त्यांचं काय झालं ते ताईनं येताना सांगितलं, आणि ते डोक्यातून जात नाहीये. 1492 च्या जानेवारीत ग्रानादाचं मुस्लिम राज्य ख्रिश्चन राजांच्या हाती पडलं, शेवटचा सुलतान बोआब्दिल याला याच डोंगरात जहागीर दिली, पुढच्याच वर्षी तो समुद्र ओलांडून मोरोक्कोतल्या फेसला निघून गेला. लोक राहिले. तुमचा धर्म तुम्हाला पाळू देऊ असा करार होता, तो काही वर्षांतच मोडला, सक्तीनं बाप्तिस्मे झाले, मशिदींच्या जागी चर्च आली. मग 1567 मध्ये हुकूम निघाला, अरबी बोलायचं नाही, आपले कपडे घालायचे नाहीत, हमामसुद्धा बंद. 1568 च्या नाताळात आल्पुखारात बंड पेटलं, बंडखोरांनी आबेन उमेयाला आपला राजा केलं, 1571 पर्यंत सगळं चिरडून टाकलं आणि ग्रानादाच्या मोरिस्कोंना, म्हणजे सक्तीनं ख्रिश्चन केलेल्या मुसलमानांना, हुसकून कास्तियात विखरून टाकलं. 1609 पासून तर देशातूनच हाकललं. इथे गालिसिया, लेओनकडची माणसं आणून वसवली. गावात असं सांगतात की प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं मात्र ठेवून घेतली, नव्या लोकांना पाटाचं पाणी शिकवायला.

हे ऐकून माझ्या घशात आवंढाच आला. भाषा नको, नाव नको, देव नको, पण पाणी कसं फिरवायचं ते तेवढं सांगा. त्या दोन घरांतल्या बायकांना पाण्यावर जाताना काय वाटत असेल? शेजारची सगळी दारं अनोळखी.

निघताना आजोबांनी परत बर्फाकडे बघितलं आणि म्हणाले पुढच्या वर्षी चांगला पडू दे, 'ओखाला'. ताईनं हळूच सांगितलं की हा शब्द अरबीतूनच आलाय, अल्लाची इच्छा असेल तर. आजोबांच्या गळ्यात क्रूस होता. साडेचारशे वर्षं झाली आणि त्यांच्या तोंडी अजून तोच शब्द, हातात तोच पाट.

सगळंच टिकलंय असं नाही. तरुण पोरं शहरात गेली, बरेच पाट बुजले. पण 2014 मध्ये याच आल्पुखारातल्या कान्यार गावची बार्खास नावाची असेकिया, कित्येक वर्षं बंद पडलेली, ग्रानादा विद्यापीठाची मंडळी, स्वयंसेवक आणि गावकरी यांनी मिळून उपसली आणि पाणी परत चालू केलं. ताईची एक मैत्रीण अशा कामाला खोरं घेऊन गेली होती, म्हणते पाणी आलं तेव्हा म्हातारी माणसं रडली.

आमच्याकडे बोअर आल्या आणि आमच्या शेताकडचा पाट गवतानं भरला. आबा गेल्यावर तिकडे मी गेलेच नाही, सहा वर्षं झाली. उद्या सकाळी काकांना फोन करायचाय, आपल्या चारीच्या तोंडाशी तो चपटा काळा दगड होता, ज्यावर आबा मला बसवून पाण्याची वाट बघायचे, तो अजून जागेवर आहे का ते विचारायचंय.