टकर्टनच्या खाजणात: छोट्या होडीतून बदकांची शिकार

न्यू जर्सीत गार्डन स्टेट पार्कवेची ५८ नंबरची एक्झिट घेतली की टकर्टन येतं. गावातून ग्रेट बे बुलेवर्डला वळलात की पाच मैल सरळ खाजणातून जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, मधून वाकडेतिकडे पाण्याचे ओहोळ, आणि एकेरी वाहतुकीचे लाकडी पूल, त्यांच्यावर सिग्नल. लोक याला ‘सेव्हन ब्रिजेस रोड’ म्हणतात, पूल पाचच आहेत. उधाणाला हा रस्ताही पाण्याखाली जातो, त्यामुळे गाडी कुठे लावायची याचा विचारही भरती बघूनच करायचा.

न्यू जर्सीत मराठी माणसं भरपूर, पण या भागात येणारे बहुतेक पक्षी बघायला येतात. शिकार म्हटलं की आपल्याकडचा १९७२ चा वन्यजीव कायदा आठवतो आणि विषय संपतो. इथे बदकांची शिकार कायदेशीर आहे, कडक नियमांत आहे, आणि तिचा परवान्याचा पैसा पाणथळ जागा विकत घेण्याकडे जातो. १९३४ पासून निघणारं ‘डक स्टॅम्प’ हे शिकारीचं तिकीट सध्या २५ डॉलरला मिळतं आणि १६ वर्षांवरच्या प्रत्येक शिकाऱ्याजवळ ते असावंच लागतं. त्याशिवाय राज्याचा परवाना आणि शिकार-शिक्षणाचा कोर्स. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर एक गोष्ट आधी समजून घ्या: संघराज्याच्या कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक हातात धरायलाही मनाई आहे, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला अपवाद. वकिलाला विचारल्याशिवाय मित्राचीही बंदूक उचलू नका.

बंदुकीचं तंत्र एका उन्हाळ्यात मातीच्या तबकड्यांवर शिकून होतं. पाणी शिकायला वेळ लागतो. आम्ही नवख्या माणसाला पहिल्या दोन फेऱ्या बंदुकीशिवाय नेतो, नुसती वल्ही मारायला.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. तो हिशोब इथेही चालतो, फक्त त्यात साडेसात-आठ तास मिळवायचे. अमावास्या-पौर्णिमेला न्यू जर्सीच्या समुद्रकाठी भरती सकाळी साडेसात-आठला लागते, चतुर्थीला अकराच्या आसपास. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर. अर्थात, छापील तक्ता बघायचाच, पाऊणपट फक्त आठवडाभर आधी रजा टाकताना उपयोगी. पाण्याची चढउतार मात्र मुंबईसारखी नाही: समुद्रकाठी चार फूट, आणि उत्तरेला बार्नेगाट उपसागराच्या आत तर फुटाच्याही खाली. चार फूट ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. हे खाजण इतकं सपाट आहे की चार फुटांत चालायची जमीन होडीची वाट होते आणि होडीची वाट चिखल होते.

आमच्या मते सर्वांत चांगले दिवस तृतीया-चतुर्थीचे. ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास संपते, आपण निघतो तेव्हा पाणी चढायला लागलेलं असतं. चढत्या पाण्यात होडी रुतली तर वीस मिनिटं थांबायचं, पाणीच उचलतं. उतरत्या पाण्यात रुतली तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच, डिसेंबरच्या वाऱ्यात. अष्टमीच्या भांगाला (सर्वांत कमी चढउताराच्या दिवसांत) भरती दुपारी दोन-तीनला, म्हणजे पहाटेपासून आठ-नऊपर्यंत पाणी उतरतच असतं. अमावास्येच्या उधाणाला वेगळी अडचण: गवत बुडतं, लपायला जागा उरत नाही, बदकं मैलभर पसरतात. आणि तक्त्यात वाऱ्याचा हिशोब नसतो. थंडीच्या लाटेमागून वायव्येचा वारा दोन दिवस सुटला की तो खाडीतलं पाणी बाहेर काढतो, भरती ठरलेल्या उंचीला पोचतच नाही. ईशान्येचा वारा उलट पाणी आत कोंडतो. वायव्येच्या वाऱ्यात बदकं छान फिरतात, म्हणून सगळे त्याच दिवशी निघतात आणि परतताना त्याच दिवशी अडकतात.

खाजण वाचायला दोन गवतं ओळखता आली पाहिजेत. उंच, जाड, काठाकाठाने उभं असतं ते कॉर्डग्रास: त्याच्या मुळाशी रोजची भरती येते. त्याच्या वर, केस विंचरल्यासारखं आडवं पडलेलं, बारीक, भोवरे घातलेलं गवत म्हणजे सॉल्ट हे. तिथे पाणी फक्त उधाणाला पोचतं. दोन्हींच्या मधली रेघ ही भरतीची सरासरी रेघ. सॉल्ट हेवर पाणी दिसू लागलं की उठायची वेळ झाली, घड्याळ काहीही सांगो.

आणि चर. १९३० च्या दशकात डास मारण्यासाठी या किनाऱ्यावरच्या खाजणांत सरळ रेषेत, समांतर, हजारो चर खणले गेले. ते अजून आहेत. दीड-दोन फूट रुंद, काठ गवताने झाकलेले, तळाला मऊ गाळ. कोरड्यात उडी मारून ओलांडता येतात. पण गवतावर घोटाभर पाणी आलं की चर दिसत नाही: सगळीकडे सारखंच पाणी, त्यातून सारखीच गवताची टोकं. पडलेलं बदक आणायला माणूस घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जातो आणि पुढच्या पावलाला छातीएवढ्या पाण्यात असतो. म्हणून हातात वल्हं हवंच, प्रत्येक पाऊल आधी वल्ह्याने चाचपायचं. चिखलात पाय रुतला तर सरळ वर ओढू नका, दुसरा पाय तितकाच खोल जातो. वल्हं आडवं टाका, त्यावर छाती टेका, गुडघा वाकवून टाच आधी सोडवा.

इथली होडी म्हणजे बार्नेगाटची स्नीकबॉक्स. १८३६ मध्ये जवळच्याच वेस्ट क्रीकच्या हेझल्टन सीमन यांनी पहिली बांधली. बारा फूट लांब, चार फूट रुंद, पांढऱ्या सीडरच्या फळ्यांची, नाळ (पुढचं टोक) चमच्यासारखी. वरून जवळजवळ पूर्ण झाकलेली, डेक कासवाच्या पाठीसारखा, मध्ये एका माणसापुरतं आडवं व्हायचं भोक. चार-सहा इंच पाण्यात तरंगते. लाट आली तर डेकवरून घरंगळून जाते, आत येत नाही. डेकवर सॉल्ट हेचे भारे अंथरले की दहा पावलांवरून गवताचा उंचवटा वाटतो. आता फायबरग्लासच्या आणि ॲल्युमिनियमच्या होड्या मिळतात, त्या चालतात. फक्त काठ बुटका आणि रंग मळका, न चमकणारा हवा.

सामान तोलून भरा. होडीवरच्या पाटीवर लिहिलेल्या वजनात माणसं, इंजिन, पेट्रोल, कुत्रा, डिकॉय (तरंगती नकली बदकं) सगळं येतं. ओले डिकॉय आणि दोऱ्या कोरड्यापेक्षा बऱ्याच जड होतात, म्हणून परतीचा हिशोब वेगळा. होड्या उलटतात त्या बहुधा तीन कारणांनी: जास्त वजन, कोणीतरी उभं राहणं, आणि वारा एकीकडून, पाण्याचा ओढा दुसरीकडून असताना उघड्या खाडीत शिरणं. लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. वेडर्सवर (छातीपर्यंतच्या, पाणी न शिरणाऱ्या पँटवर) कमरेचा पट्टा घट्ट. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची साधारण दहा मिनिटं हात चालतात, आणि शुद्ध हरपायला सुमारे तास. त्या दहा मिनिटांत होडीला धरायचं, पोहत काठ गाठायचा नाही.

आता डिकॉय. टकर्टनचे हॅरी शोर्ड्‌स (१८६१-१९२०) सीडरचे दोन अर्धे आतून पोखरून जोडत, खाली शिशाचं वजन बसवत. पोकळ, कारण छोट्या होडीत जास्त मावावेत. आजचे प्लास्टिकचे. ओहोळाच्या वळणावर ब्लॅक डकसाठी सहा ते दहा पुरे. हा पक्षी फार सावध असतो, गर्दीला भुलत नाही. उघड्या उथळावर ब्रँट हंसांसाठी दोन डझन लावा. दोरीच्या टोकाची तळ्यातली चार औंसांची वजनं इथे पाण्याच्या ओढ्यात सरकतात, आठ औंसांची घ्या. दोरी भरतीच्या पूर्ण खोलीपेक्षा दोन-तीन फूट जास्त. सकाळी तीन फूट पाण्यात मापून बांधली की दहा वाजता सगळा कळप समुद्राकडे निघालेला दिसतो, याचं कारण आखूड दोरी.

वारा पाठीमागून किंवा बाजूने घ्या, कारण बदक वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. डिकॉयच्या मध्ये वीसेक यार्डांवर मोकळी जागा ठेवा, तिथे ती उतरतील. सर्वांत लांबचा डिकॉय ३५ यार्डांवर, मोजून. त्यापलीकडच्या पक्ष्यावर गोळी नाही. हा नियम आम्ही मोडत नाही, कारण पलीकडे पक्षी मरत नाही, जखमी होऊन गवतात जातो.

शिशाचे छर्रे १९९१ पासून अमेरिकाभर पाणपक्ष्यांसाठी बंद आहेत. पोलाद हलकं, वेग लवकर सोडतं, म्हणून छर्रा दोन नंबर मोठा घ्यावा लागतो (नंबर जितका लहान, तितका छर्रा मोठा): ब्लॅक डकला १२ बोअर, तीन इंची काडतूस, २ नंबर; ब्रँटला १ किंवा बीबी. बंदुकीत तीनच काडतुसं मावतील असं बूच हवं. वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत, रविवारी न्यू जर्सीत बंद. इंजिन पूर्ण बंद होऊन होडीचा वेग थांबल्याशिवाय गोळी मारता येत नाही. दिवसाला सहा बदकं, त्यांत ब्लॅक डक दोनच. आकडे दरवर्षी तपासा. होडी चालू असताना बंदूक रिकामी. दोघं असाल तर एका वेळी एकच जण उठतो, दुसऱ्याची बंदूक उघडलेली.

पडलेलं बदक ताबडतोब आणायचं, पाण्याचा ओढा त्याला मिनिटाला बऱ्याच यार्डांनी नेतो. घरी पोचेपर्यंत एक पंख पिसांसह किंवा डोकं अंगाला ठेवावं लागतं, जात ओळखता यावी म्हणून. खाजणातलं ब्लॅक डक गोगलगायी आणि शिंपले खातं, म्हणून चरबीला माशाचा वास येतो: कातडी आणि पिवळी चरबी सगळी काढा, छातीचं मांस रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. मग मालवणी मसाला उत्तम लागतो, फक्त मटणासारखं तासभर शिजवू नका, चामडं होतं.

खारं पाणी रात्रभरात लोखंडाला धरतं. बंदूक सुटी करून गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, वाळवा, मग तेल. इंजिन दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा आणि इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची बारीक धार बघा: धार तुटक असेल तर आत चिखल बसलाय, तारेने भोक मोकळं करा. शेवटी होडीच्या बुडाचं बूच काढून पाणी सोडा, आणि ते बूच गाडीच्या किल्लीलाच अडकवा, म्हणजे पुढच्या वेळी पहाटे अंधारात बुचाशिवाय होडी पाण्यात जाणार नाही.