पिवळा त्रिकोण दिसला की रिसेट दाबू नका

प्रॉक्समॉक्समध्ये (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले कॉम्प्युटर, चालवायची प्रणाली) एखाद्या मशीनवर पिवळा त्रिकोण आला आणि स्टेटसमध्ये ‘आयओ-एरर’ (डिस्कवर लिहिता-वाचताना आलेली अडचण) दिसलं, की बहुतेकांचा हात आधी रिसेटकडे जातो. तो जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितोय. ते मशीन मेलेलं नसतं. डिस्कवर लिहायला जागा उरली नाही म्हणून क्यूईएमयूने (हे मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) ते जागच्या जागी थांबवलेलं असतं. रॅममधलं सगळं शाबूत असतं आणि अडलेलं लिखाणही धरून ठेवलेलं असतं. आधी जागा द्यायची, मग रिझ्यूम करायचं. अडलेलं लिखाण पुन्हा होतं आणि मशीन पुढे चालू लागतं. रिसेट दाबलं तर रॅममधलं गेलंच, शिवाय डिस्क अजून भरलेलीच असते आणि मशीनमधलं विंडोज बूट होताना पुन्हा तिच्यावरच लिहायला जातं.

फोंड्यात एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. जूनअखेर, तिमाहीचं व्याज लावायचं चाललेलं. बाहेर धो धो पाऊस, कुठेतरी झाड पडून फायबर तुटलेली, त्यामुळे घरून आत शिरायची सोय नाही. हिशेब बघणाऱ्या वहिनींचा फोन आला. “अरे, लेजर उघडतच नाही. आधी नुसतं गोल गोल फिरत होतं, आता सर्व्हर सापडत नाही म्हणतं. बटन दाबून बंद-चालू करू?”

“नको वहिनी, कशालाच हात लावू नका. मी येतोय.”

त्यांनी सांगितलेला हा क्रम फार कामाचा होता. आधी अडकणं, मग गायब होणं. एलव्हीएम म्हणजे लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था, आणि थिन पूल म्हणजे तिच्यातला सगळ्या मशीनांचा सामाईक साठा. हा पूल भरला की तो लगेच एरर देत नाही. डीफॉल्टने ६० सेकंद लिखाण रांगेत ठेवून वाट बघतो. तेवढा वेळ मशीन पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर देतं, पण फाइल उघडत नाही. त्यानंतर एरर येते, मशीन थांबतं आणि पिंगही बंद पडतं. वाळपईहून उसगाव, खांडेपार करत फोंड्याला पोचेपर्यंत माझा संशय पक्का झाला होता. लॅपटॉप तिथल्या स्विचला जोडून ८००६ पोर्टवरचं प्रॉक्समॉक्सचं पान उघडलं. पिवळा त्रिकोण. पूल किती भरलाय ते दाखवणारी ‘एलव्हीएस’ कमांड चालवली तर डेटाच्या रकान्यात १०० टक्के.

थिन पूलचा हिशेब महाप्रसादाच्या पत्रावळींसारखा असतो: पानं पाचशेंची, आमंत्रण आठशेंना, भरवसा हा की सगळे एकदम बसणार नाहीत. इथे १ टीबीच्या एसएसडीवर पूल साधारण ७९० जीबीचा. त्यातून विंडोज सर्व्हरला ५०० जीबी, डेबियनच्या फाइल सर्व्हरला ४०० आणि एका जुन्या चाचणीच्या मशीनला १५० जीबी दाखवलेले, म्हणजे एकूण १,०५०. यात गैर काही नाही, थिन पूल असतोच त्यासाठी. पण पुलात खरोखर किती उरलंय हे आतल्या विंडोजला कधीच कळत नाही. सी ड्राइव्हवर ढीगभर जागा मोकळी दिसत असतानाच ते थांबतं.

आता वाचवणारी गोष्ट. १२८ जीबीहून मोठ्या डिस्कवर प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (ज्यातून पूल कापलेला असतो ती एलव्हीएमची एकूण जागा) १६ जीबी मुद्दाम मोकळे सोडतो. ‘व्हीजीएस’ कमांडमध्ये ते दिसतात. त्यातले ८ जीबी ‘एलव्हीएक्सटेंड’ने पुलाला दिले, मेटाडेटाचाही टक्का पाहून घेतला (कुठला ब्लॉक कुणाचा, ही पुलाची नोंदवही; ती भरली तर दुखणं याहून मोठं, पूल दुरुस्त करायची पाळी येते), आणि मग ‘क्यूएम रिझ्यूम’. विंडोज होतं तिथून उठलं. टेबलावरच्या कॉम्प्युटरांची जोडणी मात्र तुटलेली होती, सगळ्यांना नव्याने लॉगिन करावं लागलं. वहिनींनी शेवटचं व्हाउचर ताडून पाहिलं, जागेवर होतं. त्यांचा चेहरा सैल झाला तेव्हा मलाही बरं वाटलं. लोकांच्या ठेवींचा हिशेब आहे तो.

एक गोष्ट इथे सहज निसटते. थांबलेल्या मशीनचं घड्याळही मागे राहू शकतं. रिझ्यूम केल्यावर विंडोजची वेळ लगेच रिसिंक करून घ्या, त्याआधी एकही नोंद होऊ देऊ नका.

पूल भरला कशाने? विंडोज अपडेटच्या आधी कुणीतरी घेतलेला स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) तसाच राहिला होता, तोही रॅमसकट. स्नॅपशॉट असेपर्यंत जुना ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचा तुकडा) सुटत नाही. बदललेल्या प्रत्येक ब्लॉकला नवी जागा लागते. तो काढल्यावर पूल बराच हलका झाला. दुसरं कारण डिस्कार्ड, म्हणजे पुसलेली जागा पुलाला परत करायची सेटिंग. ती खूण नसेल तर विंडोजमध्ये फाइल पुसली तरी पुलाला जागा परत मिळत नाही. प्रॉक्समॉक्सच्या सेटिंगमध्ये मशीनची डिस्क व्हर्टआयओ स्कझी या जोडणीवर ठेवा, डिस्कार्डवर टिक करा, आणि मशीन पूर्ण बंद करून चालू करा. विंडोजच्या आतून दिलेला रिस्टार्ट त्याला पुरत नाही. मग विंडोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ चालवा. डेबियनमध्ये याच कामाची ‘एफएसट्रिम’ कमांड एकदा हाताने चालवा, पुढे त्याचा टायमर दर आठवड्याला ते करत राहील.

पूल आपोआप वाढवायची सोय एलव्हीएममध्ये आहे; डीफॉल्टने उंबरठा १०० असतो, म्हणजे ती बंद. एकाच डिस्कच्या सर्व्हरवर मी ती बंदच ठेवतो. चालू केली तर राखीव जागा कुणाच्या नकळत खाल्ली जाईल आणि खऱ्या अडचणीच्या वेळी हातात काहीच नसेल. त्याऐवजी पूल ८० टक्क्यांवर गेला की ईमेल येईल अशी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) टाकली आहे. पावसाळ्यात इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून तोच आकडा ऑफिसमधल्या लॅनवरच्या एका साध्या पानावरही येतो. सकाळी पहिला चहा घेताना वहिनी तो बघतात, आणि ७० च्या वर गेला की मला फोन करतात.

जुनं चाचणीचं मशीन मी काढून टाकलं. विंडोजचा बॅकअप आता वेगळ्या डिस्कवर जातो, कारण स्नॅपशॉट त्याच पुलात बसतो आणि पूल गेला की त्याच्यासोबत जातो. तो बॅकअप रिस्टोअर करून बघायचं अजून बाकी आहे. चवथीच्या सुट्टीत ऑफिस बंद असेल, तेव्हा चालू मशीनला धक्का न लावता, वेगळ्या आयडीच्या नव्या मशीनवर, नेटवर्क काढून करणार आहे.